ड्रॅगनचं पाचवं नख

लग्नानंतरच्या पहिल्याच अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सारिकाने ते ताट धुतलं आणि तिथून तिच्यामागे जे शुक्लकाष्ठ लागलं, ते काही सुटेना. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर निळा ड्रॅगन, भोवती ढग आणि ज्वाळा. नवरा कुंदन, त्याचे पणजोबा पलटणीबरोबर चीनला गेले होते, तिकडून त्यांनी ते आणलेलं. वर्षातून एकदाच, अखाजीला पितरांच्या नैवेद्यासाठी बाहेर निघायचं. धुतलेलं ताट सासूने, भिकुबाईने, उजेडात धरलं. प्रत्येक पंजाला नखं चारच, पाचव्याच्या जागी खरबरीत डाग!

"हिनी नख घसी टाकं वं माय!"

झालं! अखाजीला साऱ्या सासुरवाशिणी माहेरी झोक्यावर आणि सारिका घरात ताट राखत. ताट तिनं बिघडवलं, तिनंच सांभाळायचं. माहेरी पहूरला तिची आई दरवर्षी वाट बघायची. 'मी तारेची घासणी लावलीच नाही हो' सांगून सारिकाचं तोंड दुखलं. शेवटी तिलाच वाटायला लागलं, घासलं असेल बाई आपणच.

यंदा अखाजी परवावर आली आणि कुंदन ताट अस्सल आहे का ते दाखवायला देवपुरात कामिनी मॅडमकडे निघाला. जुन्या चिनी भांड्यांचा त्यांचा अभ्यास. सारिका हट्टाने सोबत गेली.

मॅडमनी भिंगातून पंजे पाहिले. "पाच नखांचा ड्रॅगन म्हणजे बादशहाचा. ताट राजवाड्याबाहेर जायचं झालं, तर कधी कधी एक नख मुद्दाम घासून काढायचे. हे तिकडेच घासलंय. घरच्या घासणीनं ही झिलई अशी जाते होय?"

सारिकाचे डोळे भरून आले. आता तरी हा काही बोलेल म्हणून तिने कुंदनकडे पाहिलं. पठ्ठ्या आईला फोन लावत होता.

"आई, अस्सल शे! नख तिकडेच घासेल व्हतं!"

स्पीकरवरून भिकुबाई कडाडली, "मंग? सारिकाले सांग, नीट धर म्हना. नहीं ते उरेल नखं बी घसी टाकी!"

कुंदन हसला. हसला हो!

सारिकाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने फोन ओढून घेतला. "आई, मी अखाजीला पहूरला चालले. ताट यंदा तुमचा लेक धुवेल."

"अगं, घरी तर चल, पिशवी तरी..." कुंदन चाचरला.

"धरा नीट," म्हणत तिने ताट त्याच्या हातात दिलं आणि अंगावरच्या साडीनिशी स्टँडची रिक्षा धरली.