पानिपतच्या बसमधली डिक्शनरी

मी एक जुनी डिक्शनरी आहे, पण मित्रांनो, माझ्यात शब्दांचे अर्थ शोधू नका. मी कागदाची नाही, कॉम्प्युटरच्या कोडची आहे. माझ्यातल्या प्रत्येक नोंदीला एक किल्ली असते. किल्ली द्या, मी तिच्यामागची माहिती काढून देते.

मला मृणालने लिहिलं, तेही सुट्टीच्या दिवशी. ती पुण्याची, गुरुग्रामला आयटीत नोकरी करते. दिल्लीतलं तिचं मराठी मंडळ दर संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला बस नेतं. पूर्वी नावं तोंडी घेत आणि कोण येणार यावरून शेवटपर्यंत गोंधळ चाले. म्हणून मृणालने नावनोंदणी माझ्याकडे सोपवली. मंडळात अशोक जाधव दोन आहेत, तेव्हा नावाऐवजी तिने मोबाइल नंबरची किल्ली केली.

मोजणीत माझा हात कोणी धरणार नाही. नोंद आली की आकडा मी तिथल्या तिथे वाढवून ठेवते, त्यामुळे विचारताच उत्तर तयार असतं. मंडळात माझं फार कौतुक झालं आणि मला ते आवडलं. माझा एक स्वभाव मात्र कुणी विचारात घेतला नाही. त्याच किल्लीने दुसरी माहिती आली, तर मी पहिली पुसते आणि नवी ठेवते. आकडा हलत नाही आणि मी कुणाला तसं सांगतही नाही.

कौशल्याकाकूंनी आधी अंबादासकाकांचं नाव भरलं, मग स्वतःचं. दोघांत मोबाइल एकच, तो काकूंच्या पर्समध्ये. काका पुसले गेले.

सकाळी धुक्यामुळे सगळ्यांना उशीर झाला आणि निघायच्या घाईत डोकी कुणी मोजली नाहीत. परतताना मंडळाच्या धीरजने ती मोजली आणि मृणालने मांडीवरच्या लॅपटॉपवर मला विचारलं. दोन्हीकडे अडतीस. धीरजने ड्रायव्हरला निघायला सांगितलं. काकू मागे बायकांमध्ये बसल्या होत्या. काका पुढे असतील, असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळाने काकू तिळगुळाचा डबा घेऊन प्रत्येक सीटपाशी थांबत पुढे आल्या. अगदी पहिल्या सीटपर्यंत पोचल्यावर त्यांचा हात डब्यातच राहिला.

"मृणाल, हे कुठे आहेत?"

मृणालने माझ्यात काकांचं नाव शोधलं. ते नव्हतं. तिचा चेहरा उतरला. सत्तरी ओलांडलेला माणूस, जवळ फोन नाही आणि बाहेर पुन्हा धुकं दाटत होतं. मला फार वाईट वाटलं.

बस वळवली. काका स्मारकाच्या फाटकाशी, मफलर कानांवर ओढून रस्त्याकडे बघत उभे होते. बसमध्ये चढल्यावर ते कुणावर रागावले नाहीत. मृणालने रडवेल्या आवाजात काय झालं ते सांगितलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "अच्छा. पण बेटा, फोन एक असला तरी आम्ही दोघं आहोत ना?"

काकूंनी काकांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पुढेच त्यांच्या शेजारी बसल्या.

बस हलण्याआधी मृणालने माझ्या किल्ल्या बदलल्या. प्रत्येक माणसाला स्वतःचा क्रमांक दिला, पहिला अंबादासकाकांना. मग मला पुन्हा विचारलं. एकोणचाळीस, मी सांगितलं.

मित्रांनो, माझ्यात नोंदी किती, हे मी नेहमी बरोबर सांगेन. माणसं किती, हे मला कळत नाही. म्हणून किल्ली निवडताना जपा, आणि बस सुटण्याआधी आपलं माणूस आपल्या डोळ्यांनी बघून घ्या.