दोन बोटं आखूड बाही

"मामा, पेटी दीड वाजता विमानतळावर पोचायला हवी. तुमच्या घड्या घालून झाल्या की नाही?"

कंपनीच्या कारकुनाने शवागाराच्या दारातूनच विचारलं. आत पाऊल टाकायची त्याची छाती नव्हती. टेलरमामांनी मानही वर केली नाही.

मामांचं दुकान कामगारांच्या वस्तीच्या तोंडाशी. पोटासाठी कामगारांचे अंगभर पोशाख, म्हणजे डांगऱ्या शिवायच्या आणि परक्या देशात मेलेल्यांना घरी पाठवण्यासाठी फुकट खेटे घालायचे, असा त्यांचा वीस वर्षांचा संसार. इस्पितळाचा दाखला, पोलिसांचा कागद, दूतावासाचा शिक्का, विमानात जागा. चार टेबलांवर चार साहेब, आणि चौघेही नेमके जेवायला गेलेले. मामा बाकावर बसून राहत. मेलेल्याचे कपडे मात्र ते दुकानात नेऊन स्वतः धूत, तुटकी बटणं लावत, इस्त्री करत. पेटी उघडू नका असं वरच लिहिलेलं असतं, त्यामुळे घरच्यांच्या हाती लागतात ते हे कपडेच.

चार दिवसांपूर्वी परांचीवरून दोघे पडले होते, एक गवंडी आणि एक रंगारी. दोघे एकाच खोलीतले, एकाच चणीचे. चेहरे ओळखण्यासारखे उरले नव्हते. डांगरीच्या खिशातली कार्डं पाहून कारकुनाने नावं लावली. गवंड्याची पेटी आज जायची होती. रंगाऱ्याचे कागद अडले होते.

मामा गवंड्याच्या डांगरीची घडी घालत होते. बाह्या जुळवल्या, तर डावी बाही दोन बोटं आखूड. ती त्यांनीच तशी शिवली होती. "लहानपणी हात मोडला, मामा, मग वाढलाच नाही. एवढी बाही आखूड ठेवा," असं गवंडी लाजत म्हणाला होता. मामांची नजर उघड्या पेटीकडे गेली. गळ्यातला टेप काढून त्यांनी दोन्ही हात मोजले. पुन्हा मोजले. दोन्ही सारखे.

आठ जणांची खोली, दाराशी खुंट्या. पहाटे दिवा न लावता जी डांगरी हाताला लागेल ती अंगात चढवायची. कार्ड खिशातच. एकाने दुसऱ्याची घातली की दुसऱ्याला पहिल्याची उरते.

सात वर्षांपूर्वी मामांनी असंच घाईत फक्त कागद पाहून एक पेटी पाठवली होती. त्या घराने भलत्याच माणसावर रडून अंत्यसंस्कार उरकले. महिन्याने चूक कळली तेव्हा परत आणायला काही राहिलं नव्हतं. तेव्हापासून भरदुपारी मशीन चालू असताना मामांना वाटे, ट्रायलच्या पडद्यामागे कोणीतरी उभं आहे. पडदा सारला की कोणी नसे. मामांना त्याची भीती वाटायची, आणि लाजही.

त्यांनी शवागारातल्या नोकराकडून शेजारचा कप्पा ओढून घेतला. रंगाऱ्याची चिठ्ठी लावलेल्या देहाचा डावा हात आखूड होता.

"साहेब, पेटी थांबवा. माणसं बदललीत."

"टेलरच्या टेपवर विमान सोडून देऊ?" कारकून वैतागला. "पडताना मोडला असेल हात. गवंड्याच्या बायकोला विचारा. आधीपासून आखूड होता असं ती म्हणाली तर थांबवतो."

मामांना तेच नको होतं. पण पडद्यामागे दुसरा माणूस उभा करायची त्यांच्यात ताकद नव्हती. त्यांनी फोन लावला.

"ताई, टेलरमामा बोलतोय."

"निघाले का ते?" आवाज पार बसलेला होता.

"निघतील. एक विचारायचं होतं. त्यांचा डावा हात..."

"आखूड आहे. का हो?"

"पेटीत ठेवलाय त्याचे दोन्ही हात सारखे आहेत."

पलीकडे काहीतरी खणखणत पडलं.

"म्हणजे ते नाहीतच! मी म्हणत नव्हते? आई, अहो आई, ते नाहीत! दुसराच कोणीतरी आहे!" एक म्हातारा आवाज हसत होता की रडत, कळेना. "मामा, मग ते कुठे आहेत? दवाखान्यात आहेत का? शुद्धीवर आलेत?"

फोन ठेवून द्यावा, तासभर तरी या घराला असंच राहू द्यावं, असं त्यांना फार वाटलं.

"इथेच आहेत, ताई," ते म्हणाले. "शेजारच्या कप्प्यात. माझ्यासमोर."

मागे म्हातारी विचारत होती, "अगं काय म्हणतायत? कधी येतोय?"

"मामा," सून म्हणाली, "तिथे आणखी कोणी आहे?"

"कंपनीचे कारकून आहेत. दारात."

"मग तो हात झाका ना. चारचौघांत दिसलेला त्यांना आवडायचा नाही."

मामांनी फोन खांद्याशी धरला, चादर डाव्या हातावर ओढली आणि कडेने खोचून घेतली.

"झाकला, ताई," ते म्हणाले.