डाव्या हाताचा रफू

सल्लागाराने एक कळ दाबली आणि पडद्यावरच्या आत्याचा डावा हात उजवा झाला.

सुई आता उजव्या हातात होती. फाटक्या कोपरावर धागे तसेच एकाआड एक गुंफले जात होते, फक्त दुसऱ्या बाजूने. आत्या चष्मा वर सारून बघत राहिली.

"आई असती तर धन्य झाली असती," ती म्हणाली.

भाचीला हसू आलं नाही. रफू शिकवणाऱ्या या ॲपसाठी तिने नोकरी सोडली होती. महिनाअखेर डाउनलोड वाढले नाहीत, तर ते बंद करून पुन्हा नोकरीच शोधावी लागणार होती. वर एकेका ताऱ्याचे शेरे येत होते. दाखवलं तसंच केलं, धागा गुंतला. म्हणूनच तिने या सल्लागाराला बोलावलं होतं.

"या डावखुऱ्या आहेत, हे तुमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही?" सल्लागाराने विचारलं.

"आमच्या घरात सगळे हिच्याकडूनच शिकले," भाची म्हणाली. "मी लिहिते उजव्या हाताने, पण सुई डाव्यातच धरते. मला वाटायचं, सुई अशीच धरतात."

"तारे कमी, म्हणून स्टोअर तुम्हाला यादीत खाली ढकलतं. खाली गेलात की दिसत नाही, दिसत नाही म्हणून कुणी घेत नाही. व्हिडिओ उलटे करू. आणि नाव बदलू, 'झटपट शिलाई'. रफू कोण शोधतं हो आजी?"

"ज्याचं फाटलंय तो."

आत्याने उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या पेरांवरून फिरवली. शाळेत पट्टी तिथेच बसायची. घरी चमचा काढून दुसऱ्या हातात दिला जायचा. सुईकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. कोपऱ्यात बसून कपडे सांधणाऱ्या मुलीला कोण बघतं?

"ते परत होतं तसं कर," ती म्हणाली.

"आत्या, अगं, एका कळीचा तर प्रश्न आहे."

"पट्टीसुद्धा एकच असायची."

बोलताना तिचा धक्का लागून रीळ टेबलावरून घरंगळलं. सल्लागाराने ते वरच्यावर झेललं. आत्याने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लिहितोस कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"आधीपासून?"

त्याने रीळ टेबलावर उभं करून ठेवलं.

"पहिलीपर्यंत नाही," तो म्हणाला. "मग बाबांनी सवय मोडली."

त्याने पुन्हा तीच कळ दाबली. सुई डाव्या हातात परत आली. मग त्याने स्टोअर उघडून शोधाच्या चौकटीत लिहिलं, डावखुऱ्यांसाठी शिवण. यादी रिकामी आली.

"एकही नाही," तो हळूच म्हणाला. "नावातच घालू या, ठळक. पहिल्या चित्रात तुमचा हात."

"सुरकुत्यांसकट," आत्या म्हणाली.

"आणि उजव्यांचं काय?" भाचीने विचारलं.

"त्यांच्यासाठी उलटं करून खाली ठेव. आम्ही जन्मभर उलटं बघूनच शिकलो. त्यांनाही जमेल."

भाची हसली. सल्लागार नाव लिहीत होता. ते झाल्यावर त्याने शर्टाची दुमडलेली बाही उलगडली. कफची कड विरली होती.

"हे सांधता येईल का हो?"

आत्याने सुई ओवून त्याच्यासमोर धरली, आणि तो कुठला हात पुढे करतो ते न बघता दुसऱ्या हाताने चष्मा पदराला पुसू लागली.