निरंक

“बसा काका. यंदा हा अर्ज द्यायची वेळ पहिल्यांदाच आली,” कल्याण विभागातल्या बाई म्हणाल्या आणि कागदावरची धूळ त्यांनी फुंकून उडवली.

बॉयलरवाले काका खुर्चीच्या कडेवर टेकले. रुग्णालयाच्या धुलाईघरातला बॉयलर सांभाळता सांभाळता त्यांची सव्वीस वर्षं सरली, पण या मजल्यावर यायची वेळ कधी आली नव्हती. धाकट्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. पगारातून उचल मिळेल का, एवढंच विचारायला ते आले होते. बाईंनी भलतंच सांगितलं. उचल कशाला, कर्मचाऱ्यांच्या मुलांची कॉलेजची फी रुग्णालयच भरतं. फेडायचं काही नाही.

काकांचा कानांवर विश्वास बसेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, ही योजना नवीनच निघाली का?

“छे हो, मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून आहे. पुढच्या दारातल्या फलकावर दर वर्षी कागद लागतो.”

बॉयलरची माणसं मागच्या फाटकाने ये-जा करत. पुढचं दार पाहुण्यांचं आणि डॉक्टरांचं, असंच काका धरून चालले होते.

सहा वर्षांपूर्वीचं काही बघता येईल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. बाईंना नवल वाटलं, पण त्यांनी फाईल काढली. त्या वर्षीच्या पानावर एकच शब्द होता : निरंक.

“म्हणजे?”

“म्हणजे एकही अर्ज आला नाही.”

त्याच वर्षी फी भरता येईना म्हणून थोरलीने कॉलेज सोडलं होतं. शाळेत पहिली आलेली पोर. रडली नाही, भांडली नाही. पुस्तकं मैत्रिणीला देऊन टाकली आणि चपलांच्या दुकानात कामाला लागली. वर बापाचीच समजूत घातली.

घरी जाताना त्यांच्या मनात आलं, हे पोटातच ठेवावं. झाकली मूठ. पण थोरली नुकतीच दुकानातून आली होती. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. ते पाय बघितले आणि त्यांना राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. ती म्हणाली, “तेव्हा कुणी सांगितलं नाही तुम्हाला?”

“मी विचारलंच नाही, पोरी.”

तिने अर्ज मागून घेतला. दोन्ही बाजू सावकाश वाचल्या. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. काकांनी वाकून पाहिलं. विद्यार्थ्याचे वय एकवीसपेक्षा अधिक नसावे.

तिने हात पुसले, पेन मागितलं आणि धाकट्याचं नाव लिहायला घेतलं. काका शेजारी उभे राहून बघत होते. अक्षर अजून तसंच होतं, गोल, सरळ, कुठे खाडाखोड नाही.