दोन रेघांचा गूळ

मी एक पट्टी बोलतेय. बोटाएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची. अंगावर रक्ताचा थेंब पडला की पाव तासात निकाल देते. एकच रेघ उमटली तर काळजी नाही. दोन उमटल्या तर त्या जनावराच्या रक्तात लंपीच्या, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या रोगाच्या, विषाणूशी झुंजल्याची खूण आहे. यापलीकडे मला ओ की ठो कळत नाही, पण मिरवते फार.

पारनेरजवळच्या एका वस्तीवर लंपी निघाला, म्हणून जनावरांच्या डॉक्टर मेहरीन मला घेऊन छबूबाईंच्या गोठ्यात आल्या. त्यांनी तांबू गाईचं रक्त काढलं. एक थेंब मला दिला, उरलेलं नळीत भरून प्रयोगशाळेसाठी बर्फात ठेवलं. मी आणि प्रयोगशाळा, दोघींत खरं कोण बोलतं ते त्यांना ताडून बघायचं होतं. मग त्या शेजारची जनावरं बघायला गेल्या.

इकडे माझ्यावर दुसरी रेघ उमटली. छबूबाईंच्या सुनेनं, पूजानं, ती पाहिली.

"आत्या, दोन रेघा! तांबू गाभण हाय."

तिचं तरी काय चुकलं? गेल्या वर्षी तिला स्वतःची गोड बातमी अशाच दोन रेघांनी कळली होती. छबूबाईंनी लगेच गूळ फोडला. डॉक्टर परतल्या, तर त्यांच्याही हातावर खडा.

"कशाचा हा?"

"तुमच्या पट्टीनंच सांगितलं की. आमची तांबू गाभण हाय."

डॉक्टरांचा गूळ हातातच राहिला. त्यांनी रेघांचा खरा अर्थ सांगितला आणि विचारलं, "लसीकरण झालंय का?"

"न्हाई."

"मग प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत तिला वेगळं बांधा."

छबूबाईंनी लगेच तांबूचं दावं सोडलं. तांबू त्यांच्याशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही, आणि लंपीनं दगावलेली गाय त्यांनी पाहिली होती. त्यांनी तांबूला बांधावरच्या बाभळीखाली बांधलं आणि स्वतःचा चहा, भाकरी तिथंच सुरू केली. मला फार वाईट वाटलं.

शेवटी निकाल आला. रक्तात विषाणू नव्हता.

डॉक्टर चक्रावल्या. "हिला कधी काही टोचलं होतं का?"

"टोचलं हुतं ना, गावात कॅम्प हुता तवा."

"अहो, तेच लसीकरण."

"आमी त्याला सुई म्हनतो."

"पट्टीला त्या लसीचीच खूण दिसली. प्रयोगशाळा थेट विषाणू शोधते, म्हणून इथं तिचं खरं."

मग आलेच आहे तर बघते म्हणत डॉक्टरांनी लांब हातमोजा चढवला, तांबूला तपासलं आणि हसू लागल्या. तांबू खरंच गाभण होती.

"मी म्हन्लंच हुतं," छबूबाई म्हणाल्या. "पट्टी खोटं बोलत न्हाई."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. छबूबाई मला टाकू देईनात, तेव्हा डॉक्टरांनी मला पारदर्शक पिशवीत बंद करून दिलं. तेव्हापासून माझा मुक्काम देव्हाऱ्यात आहे.

बाबांनो, दोन रेघा दिसल्या की गूळ फोडण्याआधी त्या कशाच्या, ते विचारा. पण माझं कोण ऐकतंय? रोज पिशवीवर कुंकू चढतं, आणि त्याखाली माझी दुसरी रेघ पार झाकून गेलीय, दिसते ती एकच. प्रयोगशाळेचं आणि माझं आता एकमत झालं म्हणायचं.