पंचवीस तक्रारी

पंचवीस तक्रारी हव्या होत्या, आणि शुक्रवारच्या आत हव्या होत्या.

"एकही तक्रार नाही, हे चांगलंच की," पंढरी गावंड म्हणाला. पालिकेच्या नोकरीत त्याची एकतीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची नऊ त्याने खारीपाड्याच्या आरोग्य केंद्रात, औषधाच्या खिडकीमागे बसून काढली होती.

"नाही ना काका," सर्वेश म्हणाला. मानांकनाच्या तयारीसाठी पालिकेने नेमलेला हा सल्लागार. पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्र, पाठीला बॅग. "झीरो तक्रार म्हणजे तुमच्याकडे सिस्टीमच नाही, असं धरतात. तक्रार आली, आपण सात दिवसांत सोडवली, पेशंटला कळवलं, असं कागदावर दिसलं पाहिजे. मग दोनपैकी दोन मार्क. नाहीतर भोपळा."

सोमवारी तपासणी होती. बाहेरून दोन तपासनीस येणार, झाडूपासून लशीच्या फ्रीजपर्यंत सगळं बघणार, प्रत्येक बाबीला शून्य, एक किंवा दोन गुण देणार. शंभरात सत्तर पडले की केंद्राला गुणवत्तेचं राष्ट्रीय प्रमाणपत्र.

"बाहेर तक्रारपेटी आहे ना? तिच्यातल्याच काढू या," पंढरीने सुचवलं.

"चावी कुठाय तिची?"

चावी कुठेच नव्हती. आधीचे डॉक्टर दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेले, त्यांच्याबरोबर तीही गेली असावी. पेटी मात्र दाराशी तशीच होती, 'आपले मत मोलाचे' असं पोटावर मिरवत.

केंद्राच्या डॉक्टर क्षिप्रा मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचं अक्षर छान, वाचनही खूप. हे तुम्हीच करू शकाल." मॅडम वाईट नव्हत्या. रोज दीडशे पेशंट तपासून त्यांचा आवाज बसलेला असे. पंढरीला आयुष्यात कुणाला नाही म्हणणं जमलं नव्हतं. लग्नात वाढप्याला सुद्धा तो नाही म्हणू शकत नसे. त्याने पाच रंगांचे पाच पेन विकत आणले.

आणि सांगायला लाज वाटावी, पण त्याला मजा आली. एक तक्रार त्याने डाव्या हाताने लिहिली. एका तक्रारीत थरथरती म्हातारी आणली, दुसरीत तावातावाने भांडणारा रिक्षावाला. पाण्याच्या पिंपाजवळ पेला नाही. बाकड्याचा खिळा साडीला लागतो. बायकांच्या रांगेवर पंखा नाही. प्रत्येकाखाली उत्तर : पेला साखळीने बांधला, खिळा ठोकला, पंखा बसवला. सगळ्या तक्रारी अशा, की अर्ध्या तासात सुटाव्यात आणि कुणाचं काही बिघडू नये.

ज्युलियाना सिस्टरने त्यातली एक वाचली आणि पोट धरून हसली. "अरे पंढरी, ही बाई तर मी बघितलेली वाटते! हिला इंजेक्शन पण मीच दिलंय!"

पंढरी कानापर्यंत लाल झाला. आपल्याला लिहिता येतं की काय, असं त्याला क्षणभर वाटून गेलं.

त्याच्या पाठीमागच्या मांडणीवर रक्तदाबाच्या गोळ्यांचे चाळीस डबे ओळीने लावलेले होते. मानांकनाचा नियम असा, की जरुरीच्या औषधांचा राखीव साठा कायम शिल्लक हवा. नियम करणाऱ्याच्या मनात होतं की औषध कधी संपू नये. खारीपाड्यात त्याचा अर्थ निघाला : तपासणी होईपर्यंत त्या ओळीला हात लावायचा नाही. रोजच्या वाटपाचा साठा संपला, की नवा माल येईस्तोवर 'उद्या या' म्हणायचं. गेल्या नोव्हेंबरात सराव तपासणी झाली, तेव्हाही असंच केलं होतं. सांगितलं होतं वरून, केलं होतं पंढरीने.

मंगळवारी खिडकीशी एक मुलगी आली. कॉलेजातली, खांद्याला पिशवी.

"रंगूबाई शेलारांच्या बीपीच्या गोळ्या."

"संपल्यात. उद्या या," पंढरी रजिस्टरातून डोकं न काढता म्हणाला.

"काका, काल पण उद्याच बोललात. मी लेक्चर सोडून आलेय."

"माल आला नाही अजून."

"मग मागे त्या काय आहेत?"

पंढरीने मागे पाहिलं, जणू त्यालाही ते आत्ताच कळत होतं. "त्या तपासणीच्या आहेत."

"म्हणजे? गोळ्या बघायला ठेवल्यात?"

रांगेत कुणीतरी हसलं. मुलगी हसली नाही. "आजी स्वतः येत होती आधी. आता उजवी बाजू गेलीय तिची, गेल्या डिसेंबरपासून. डॉक्टर बोलले, एक दिवस पण गोळी चुकवायची नाही. तुम्ही सांगा, मी कुठल्या उद्याला येऊ?"

"पुढच्या बुधवारी," पंढरी म्हणाला आणि खिडकीची फळी ओढली. बाराला पाच कमी होते.

बुधवारी रंगाऱ्याने तक्रारपेटी उतरवली. कुलूप रंगात बुडवण्यापेक्षा तोडलेलं बरं, म्हणून त्याने हातोडी घातली. आतून एक मेलेली पाल, गुटख्याच्या पुड्या आणि अकरा कागद पडले. रंगाऱ्याने ते गोळा करून खिडकीत आणून दिले. तक्रारींचं काम गावंडकाकांकडे आहे, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

सहावा कागद वहीचा होता.

'माझी आजी रंगूबाई शेलार कल्याणच्या मार्केटातून भाजी आणून विकते. तिला बीपी आहे. दोन आठवडे झाले, ती चार वेळा येऊन गेली. गोळ्या नाहीत, उद्या या, असे सांगतात. बाहेर घ्यायला सांगितले तर ती ऐकत नाही, सरकारी मिळतात म्हणते. तिला चक्कर येते. कृपया लवकर काहीतरी करा. खिडकीवरचे काका ओरडत नाहीत, पण ते मान वर करून बघत नाहीत. रसिका शेलार.' तारीख होती अठरा नोव्हेंबर. खाली मोबाइल नंबर होता, गल्ली होती, घर नंबर होता.

पंढरीने कागद दोनदा वाचला. नोव्हेंबरात चक्कर, डिसेंबरात झटका. मध्ये हा कागद, दारापासून सहा पावलांवर, कुलपात. आणि त्याच्याही मध्ये तो, मान खाली घालून.

त्याला राग आला. हा राग त्याच्या ओळखीचा नव्हता. एकतीस वर्षं घशाखाली ढकललेलं सगळं एकदम वर आल्यासारखं झालं. तो उठला आणि मॅडमच्या खोलीत गेला. सर्वेश तिथेच बसला होता.

मॅडमनी कागद वाचला. मग म्हणाल्या, "वाईट झालं. पण काका, आत्ता नको. सोमवार जाऊ दे."

"हा कागद फाइलला लावू," पंढरी म्हणाला.

"अहो काका," सर्वेश म्हणाला, "सात दिवसांत उत्तर दिलं नाही, म्हणजे आपणच आपल्या हाताने फेल. फाडून टाका ना. आपल्या पंचवीस आहेत, मस्त आहेत."

"मस्त आहेत कारण खोट्या आहेत!" पंढरीचा आवाज चिरकला. बाहेर रांगेतली कुजबूज थांबली. "पेला नाही म्हणून मी रडारड लिहिली, अन् पेला बांधला! आणि ही बाई चार वेळा चालत आली तिला काय बांधलं आपण? माझ्या पाठीशी चाळीस डबे होते, मॅडम. चाळीस! मी त्यांच्यावरची धूळ पुसत होतो रोज!"

"काका, खाली बसा, बीपी वाढेल," सर्वेश म्हणाला.

"वाढू दे! गोळ्या आहेत आपल्याकडे. बघायला!"

तो तडक खिडकीवर आला आणि फळी वर केली. त्याने पहिला डबा फोडला. जुन्या रजिस्टरातून त्याने नावं काढली, ज्युलियाना सिस्टरने वस्तीतल्या आशाताईंना फोन लावले. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तू आज जेवलास का?" त्या दुपारपासून माणसं येत राहिली. मॅडम एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या. थांबवलं मात्र नाही. शनिवारी मांडणी रिकामी झाली.

गुरुवारी सुट्टी झाल्यावर तो स्वतः रंगूबाईकडे गेला होता. शीळफाट्याच्या रस्त्याला खडीच्या गाड्यांची धूळ बसलेली चाळ. म्हातारी खाटेवर बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. दारात रसिकाने त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा घट्ट झाला.

"कोन हाय गं?"

"मी दवाखान्यातून आलो, आजी. गोळ्या आणल्यात."

रंगूबाईने मान कलती केली. "आवाज वळखीचा हाय. उद्या या, न्हवं?"

पंढरीने गोळ्यांची पुडी पुढे केली.

"तोंड आज बगितलं. चांगलं हाय की तोंड. लपवत का हुता?" ती म्हणाली. रसिकाने गोळ्या घेतल्या, मोजल्या, तारीख तपासली.

"आजी, माझं चुकलं. तुमचा कागद—"

"त्येच इचारनार हुते. पोरीनं माज्यादेखत कागद टाकला पेटीत. येक वरीस झालं. त्येचं उत्तर कुटाय?"

"मी आलोय ना सांगायला."

"तोंडानं न्हाई. तोंडानं तुमी उद्या या बी म्हनला हुता. आमी कागद टाकला, तुमी कागद द्या. शिक्क्याचा."

सोमवारी तपासनीस आले. केंद्र फिनेलने घमघमत होतं. पंढरीने सकाळीच तक्रारींच्या फाइलीत ते अकरा कागद सगळ्यात वर लावले होते, पहिला रंगूबाईचा. त्याची मान वर होती.

मोठे तपासनीस खिडकीशी आले. "रक्तदाबाच्या गोळ्यांचा राखीव साठा?"

"नाही."

"गेला कुठे?"

"वाटला."

"कुणाला?"

"ज्यांना रक्तदाब होता त्यांना."

सर्वेशने डोळे मिटून घेतले. तपासनीसांनी शून्य लिहिलं. मग तक्रारींची फाइल उघडली. पहिला कागद बघितला, तारखेवर बोट ठेवलं. "या तर गेल्या आर्थिक वर्षातल्या. आम्ही चालू वर्ष धरतो." अकरा कागद त्यांनी एकत्र उलटले, कॅलेंडरचं पान उलटावं तसे. पुढे पंढरीच्या पंचवीस आल्या. एक वाचून ते हसले. "लोक मोकळेपणाने लिहितात इथे. छान." दोनपैकी दोन.

"साहेब, तो पहिला वाचा ना," पंढरी म्हणाला.

"वेळ नाही हो, लशीचा फ्रीज राहिलाय अजून."

महिन्याने निकाल आला. चौऱ्याऐंशी टक्के. दाराशी रांगोळी, फुगे, पेढे. प्रमाणपत्र मॅडमच्या खुर्चीमागे लागलं. सर्वेशने पंढरीच्या हातात पेढा ठेवला. "काका, तक्रारीत फुल मार्क तुमच्यामुळे! औषधात दोन गेले, जाऊ दे, आपण विसरलो ते." पंढरीने पेढा कागदात बांधून टेबलावर ठेवून दिला. आपल्या खरेपणाचे दोन गुण कापले आणि खोटेपणाचे दोन मिळाले, हिशेब बरोबर सुटला. यावर हसावं की कुणाचं तरी डोकं फोडावं, हे त्याला समजेना.

त्या दिवशी तो उत्तर लिहायला बसला. पंचवीस उत्तरं त्याने दीड दिवसात लिहिली होती. या एकाला दुपार गेली. शब्द सुचत आणि खोटे वाटत. शेवटी एवढंच उरलं : 'आपण मागितलेल्या गोळ्या त्या दिवशी केंद्रात होत्या. तपासणीत दिसाव्यात म्हणून आपल्याला दिल्या नाहीत. खिडकीवर मी होतो. पंढरी गावंड.' त्याने स्वतःचा शिक्का मारला आणि कागद रंगूबाईच्या चाळीत नेऊन दिला.

रसिकाने तो मोठ्याने वाचला. रंगूबाई डोळे मिटून ऐकत होती.

"सही कुनाची?"

"यांचीच, आजी."

"निसती खिडकीची? डब्यांना हात लावू नगा, असं ह्यांना कुनीतरी म्हनलंच आसंल की." तिने डाव्या हाताने कागद घेऊन त्याच्यासमोर धरला. "मोठ्या बाईची सही आना. मग ठेवते."

पंढरीने कागद घेतला. त्याला वाटलं होतं, म्हातारी सुटका करील. तिने केली नाही. परतीच्या रिक्षात त्याला उमगलं, की तिचंच बरोबर होतं. एकट्याने पाप कबूल करणंही त्या पंचविसांसारखंच सोपं होतं, अर्ध्या तासात सुटणारं.

मॅडम निघायच्या तयारीत होत्या. त्याने कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला, मागे लटकलेल्या प्रमाणपत्राकडे नकळत एकदा पाहिलं.

"काका, हे माझ्या सहीने गेलं तर चौकशी लागेल. माहितीय ना?"

"माहितीय."

"दोन दिवस द्या. वर बोलून बघते. उद्या या ना तुम्ही."

बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

पंढरीने खिशातून निळा पेन काढला, पाचांतला एक, आणि कागदावर आडवा ठेवला. मग 'बसा' असं कुणी म्हणायची वाट न बघता, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, तो समोरची खुर्ची ओढून बसला.

"मी बसलोय, मॅडम," तो म्हणाला. "मला उद्या यायचं नाही."