पानावर हलणारे

६ एप्रिल. बाहेर आभाळ निरभ्र, वारा पडलेला. आत सत्तावीस अंश, हवा ओलसर. काकडीच्या सातव्या रांगेत, चौथ्या वेलाच्या मधल्या पानाखाली मी अंड्यातून बाहेर आले.

तारीख आणि हवा आधी सांगायची ही सवय माझी नाही, भिंगवालीची. ती रोज सकाळी पॉलीहाऊसमध्ये येई, वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं बोले, आणि तिचं बोलणं पानाच्या थरथरीतून माझ्या पायांत उतरे. मला डोळे नाहीत. वास आणि थरथर, एवढ्यावर आमचं जग चालतं. रंगरूपाचं जे काही सांगेन ते तिच्या तोंडून ऐकलेलं आहे.

मी एक शिकारी माइट बोलतेय, कोळ्याच्या कुळातला सूक्ष्म जीव. लांबी अर्धा मिलीमीटर. भिंगवालीच्या म्हणण्याप्रमाणे मी नारिंगी आहे, नासपतीसारखी एका टोकाला निमुळती, लांब पायांची. जन्मले तेव्हा मला सहाच पाय होते. दोन दिवसांनी कात टाकली आणि आठ झाले. आयुष्य साधारण महिन्याभराचं, त्यामुळे तुम्ही ज्याला 'मागच्या आठवड्यात' म्हणता ते माझं बालपण असतं.

आई इथली नव्हती. भुशाच्या बाटलीत दोन हजार जणींबरोबर ती इथे आली. तीन एप्रिलला भिंगवालीनं ती बाटली वेलांवर हलक्या हातानं झटकली, दर पानावर चिमूटभर. आम्हाला कामासाठी आणलं होतं. या काकडीवर लाल कोळी पडला होता. नावात कोळी असला तरी तोही माइटच, आमचाच भाऊबंद. पानामागे बसून रस शोषतो, बारीक जाळी करतो, पान आधी ठिपक्याठिपक्यांचं होतं, मग वाळतं. आम्ही फक्त त्याला खातो. काकडीचं पान आम्हाला गोड लागत नाही, माणसाचं रक्तही नको. लाल कोळी संपला की आमचं अन्न संपतं आणि मग आम्हीही संपतो. हा करार आईला ठाऊक होता, मलाही होता. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

करार माणसांमध्येही झाला होता. भिंगवाली ही घरातली धाकटी सून. शाळा अर्ध्यात सुटलेली, पण पुस्तकं मागवून, पत्रं लिहून तिनं आमची सगळी माहिती मिळवली होती. ती वेलांशी बसून हे आम्हाला पुन्हा पुन्हा सांगे, जणू आमची उजळणी घेई. "एकवीस दिवस दिलेत बाबांनी. तेवीस तारखेला चाळीस पानं मोजायची. सरासरी पाचाच्या आत आली तर या शेडमध्ये पंप पुन्हा येणार नाही. वर गेली तर त्याच दिवशी फवारणी. कळलं का गं बायांनो?"

बाबा म्हणजे तिचे सासरे, पॉलीहाऊसचे मालक. आणि पंप पाठीवर घेणारा तिचा नवरा. नऊ वर्षं दर आठवड्याला फवारणी करून त्याच्या छातीत घरघर बसली होती. तो रांगेत शिरला की आधी त्याचा खोकला पानांना कळे, मग पावलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पंप सोडा. सासरे म्हणाले होते, मग दुसरं काय येतं त्याला? म्हणून आम्हाला आणलं.

"किडे मारायला किडे आणलेत," थोरली जाऊ पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "उद्या उंदरांसाठी उंदीर आणशील."

"मांजर आणतोच की, ताई," भिंगवाली म्हणाली. "तीही चार पायांचीच असते."

जाऊ हसली. चांगली बाई होती, फक्त आठ पाय दिसले की तिचा तोल जाई.

आणि आठ पायांचं या शेडमध्ये काय कमी होतं? दाराच्या चौकटीत एक उडी मारणारा कोळी राही. जाळं विणत नसे, माशीवर वाघासारखी झेप टाके. त्याच्या झेपेचा धक्का चौकटीतून तारेत आणि तारेतून आमच्या वेलात येई. वरच्या झडपेशी एक गोल जाळंवाली होती, रोज पहाटे जुनं जाळं खाऊन नवं विणणारी. बादलीखाली काडीसारख्या पायांचा एक म्हातारा, त्याला विष नाही, जाळंही नाही. रिकाम्या पोत्यांत खोटा विंचू, नांगी नसलेला, एवढासा, जो माशीच्या पायाला लटकून गावाला जातो. मातीत तर आमचे इतके चुलते की वाळलेलं पान त्यांच्याशिवाय कुजणारच नाही. कुत्र्याच्या कानातली गोचीड आमची, गादीतल्या धुळीत राहणारे आमचे, आणि रागावू नका, पण तुमच्या पापण्यांच्या मुळांशीही आमचं एक घराणं सुखानं नांदतं. कुणी विणकर, कुणी शिकारी, कुणी झाडूवाला, कुणी फुकटखाऊ. सगळ्यांना एका माळेत ओवणं म्हणजे दुकानदार, डॉक्टर आणि पाकीटमार यांना दोन पाय आहेत म्हणून एकाच कोठडीत घालण्यासारखं आहे.

बारा तारखेला मी वयात आले. त्याच दिवशी पंपाच्या खोलीजवळ विटेखाली विंचवीण निघाली. पाठीवर पिल्लं होती, पांढरी, एकवीस. आकडा भिंगवालीनं सांगितला. तिला डब्यात घालून कुंपणापलीकडे सोडायची होती. डबा आणायला ती वळली तेवढ्यात सासऱ्यांची चप्पल पडली. तो दणका मला सातव्या रांगेत कळला.

"आठ पाय दिसले की चप्पल काढायची," सासरे म्हणाले. "साधं गणित आहे, सूनबाई. त्याला पुस्तक लागत नाही."

ती काही बोलली नाही. मला वाटलं, आमची वेळ आली की बोलेल. आमची गोष्ट वेगळी होती. आम्हाला तिनं स्वतः बोलावलं होतं.

तिची मोजणी मला फार आवडे. पान उलटं न करता, देठ न पिळता, अलगद उचले. भिंग जवळ आलं की तिचा श्वास लागे, उबदार, चहाच्या वासाचा. वहीत तिनं रकाने आखले होते: पान क्रमांक, आणि पुढे 'पानावर हलणारे'. रकाने मार्चमध्ये आखलेले, तेव्हा पानावर हलणारं सगळं लालच होतं. आम्ही आल्यावर तिनं रकाना बदलला नाही. मनातल्या मनात आम्हाला वगळी. "तुम्हाला नाही हं धरत मी," असं म्हणे आणि पुढच्या पानाकडे जाई. तीन तारखेला सरासरी चौदा. दहाला अकरा. सतराला चार.

चार लिहून तिनं वही मिटली. मग वेलांना म्हणाली, "तेवीसला दोन करून दाखवा."

आम्ही जीव तोडून कामाला लागलो. मी दिवसाला लाल कोळ्याची वीस अंडी फोडायची, आणि स्वतः चार घालायची. माझ्या मुली, त्यांच्या मुली. लाल कोळी कमी होत गेला, आम्ही वाढत गेलो. आमच्या धंद्याची रीतच तशी आहे: काम फत्ते होण्याच्या टोकाला पानावर आमचीच सर्वांत जास्त गर्दी असते. नंतर दोन दिवसांत उपासमार आणि शांतता.

एकोणीस तारखेला भिंगवाली माहेरी गेली. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना भिंग नवऱ्याच्या हातात दिलं.

"तेवीसला मी दुपारपर्यंत येतेच. पण गाडी चुकली तर तुम्ही सकाळी मोजून ठेवा. चाळीस पानं, दर रांगेत पाच. रकान्यात लिहिलंय तसं."

"मला जमेल?"

"न जमायला काय झालं? दिसलं की लिहायचं."

हे तिचे शब्द. मी ते विसरलेले नाही.

२३ एप्रिल. बाहेर पातळ ढग, आत एकोणतीस अंश. सकाळी साडेसातला नवरा आला. खोकला दाबत होता, भिंग हलू नये म्हणून. दोन तास मोजत होता. इतकं मन लावून त्या माणसानं आयुष्यात काही केलं नसावं. माझ्या पानाशी आला. पानावर लाल कोळी एक उरला होता, म्हातारा, जेमतेम हलणारा. आणि आम्ही दहा, पळणाऱ्या. आमचं पळणं म्हणजे कामाची चाहूल. तिनं कौतुकानं तसं म्हटलेलं मी ऐकलं होतं, म्हणून मी मुद्दाम त्याच्या भिंगाखाली धावले.

"नऊ... दहा... आणि ही बघ, ही कशी पळतेय. अकरा," तो पुटपुटला आणि त्यानं लिहिलं.

अकरावी मी.

चाळीस पानांची बेरीज तीनशे छप्पन. सरासरी आठ पूर्णांक नऊ.

बारा वाजता भिंगवाली आली. पिशवी खांद्यावरच. सरळ सातव्या रांगेत. पान उचललं, श्वास लागला. "लाल एक," ती हळूच म्हणाली. "आणि तुम्ही दहा. अगं बायांनो." ती हसली. ते हसू मी पानाच्या कडेवर पूर्ण ऐकलं. मग कागद उलटल्याचा आवाज. 

"अहो, या पानाला अकरा कसे?"

"मोजले. हलणारे लिहायचे ना? दोनदा मोजले मी. एकसुद्धा सोडला नाही."

त्याच्या आवाजात शाळेतल्या पहिल्या नंबराचा आनंद होता. तिनं बोलायला श्वास घेतला. तेवढ्यात सासरे आणि थोरली जाऊ आत आले.

"काय सूनबाई, फिटली हौस?" सासरे म्हणाले. पण आवाज खुशीचा होता. "मोजणी मात्र झकास झाली हं. मी स्वतः दहा पानं पडताळली या पठ्ठ्याच्या मागून. एक आकडा इकडचा तिकडे नाही. मला वाटायचं याला दोन अधिक दोन येत नाहीत."

"सकाळपासून तीनदा सांगून झालंय बाबांचं," जाऊ म्हणाली. "धाकट्याचं डोकं चालतं म्हणून. आमच्या ह्यांचा, थोरल्याचा, तर चेहराच पडलाय."

नवऱ्यानं फक्त एकदा पाय बदलला. बेचाळीस वर्षांच्या माणसाचं बापाकडून पहिल्यांदाच कौतुक होत होतं, आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

माझं पान अजून तिच्या हातात होतं. तिला एकच वाक्य बोलायचं होतं: यांनी चुकून आपल्याच माणसांना मोजलंय. रकाना माझा चुकला, असंही म्हणता आलं असतं. तेवढ्यानं दोन हजार जणी, त्यांच्या मुली आणि नाती वाचल्या असत्या. नवऱ्याची छातीही.

"बाबा..."

"काय?"

मी वाट पाहिली.  मला वाटलं, आता बोलेल.

"काही नाही. पंप मोठा घ्यायचा की छोटा, विचारत होते."

"मोठा घे. आठ पूर्णांक नऊ म्हणजे काय थोडं झालं?"

तिनं पान सोडलं. आदळू दिलं नाही, नेहमीसारखं अलगद सोडलं. केसानं गळा कापणं म्हणतात तुमच्यात, ते असंच अलगद असणार.

चार वाजता नवऱ्यानं पंप पाठीवर घेतला. "आज मी फवारते," ती म्हणाली. "छे, माझं काम आहे ते," तो म्हणाला. आज त्याला थकवा माहीतच नव्हता. औषध, असं म्हणतात त्याला. पहिल्या रांगेपासून धुकं येऊ लागलं. झडपेची जाळंवाली पडली, बादलीखालचा म्हातारा बाहेर येऊन मेला. माझ्या मुली पळत होत्या. पळताना आम्ही सहज दिसतो. लाल कोळ्याची अंडी पानाला चिकटून बसली होती, त्यांना हे औषध लागत नाही. हे तिच्याच पुस्तकात लिहिलं होतं, तिनंच आम्हाला वाचून दाखवलं होतं.

मी देठावरून खाली घसरले, मातीला टेकलेल्या जुन्या पानाखाली, लाल कोळ्यानं सोडून दिलेल्या जाळीत. नळीचं तोंड तिथवर वळलं नाही.

त्याचा मला राग नाही. त्यानं रकान्यात लिहिलं होतं तेच केलं. सासऱ्यांचाही नाही, त्यांनी कधी दुसरं काही सांगितलं नव्हतं. ज्यानं आपल्याला ओळखलंच नाही त्याच्याकडून दगा होत नाही. ओळखलं होतं ते एकीनं. आम्हाला भिंगातून चेहऱ्यानं ओळखणारी ती एकच बाई होती.

आता माझे पाय जड झालेत. तुमच्या घराच्या कोपऱ्यात, पुस्तकाच्या पानात, अंगणातल्या विटेखाली आमच्यातलं कुणी ना कुणी असेल. हात उचलण्याआधी ते काय खातं एवढं एकदा बघा. आणि बघितलं असेल तर, चार माणसांसमोर विचारलं जाईल तेव्हा, सांगा. मी चालले.

३० एप्रिल. बाहेर ढगाळ, वारा नाही. आत तीस अंश. भिंगवालीनं नव्या कागदावर दोन रकाने आखले आणि चाळीस पानं स्वतः मोजली. शिकारी माइट: एक. लाल कोळी: दोनशे बारा, सरासरी पाच पूर्णांक तीन. पुढची फवारणी तीन मे, सकाळी सात. 'फवारणी करणार' या जागी तिनं नवऱ्याचं नाव लिहिलं.